सट्टा ‘उजेडात’ आणला, मग काय झाले?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झटपट उरकला. २० तारखेला लोकसभा, २१ तारखेला राज्यसभा, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही. ‘ड्रीम११’ या फँटसी क्रिकेट कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या, भारतीय क्रिकेटपटूंच्या छातीवरून तिचे नाव उतरले आणि सप्टेंबरातला आशिया चषक संघ प्रायोजकाविना खेळला. सभागृहात या विषयावर धड चर्चा झालीच नाही, तेव्हा ती बाहेर होणे साहजिक होते. त्या चर्चेत एक सूर ठळकपणे ऐकू येतो. बंदीने काही साधत नाही; लोक पैजा लावणारच; मग अमेरिकेने केले तसे करा. परवाने द्या, कर घ्या, नजर ठेवा. सट्टा अंधारातून उजेडात आणा, म्हणजे बुकी संपतील, तिजोरी भरेल आणि खेळही स्वच्छ राहील.

हा युक्तिवाद हलक्यात काढण्यासारखा नाही. आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरचा सट्टा कायदेशीर करावा अशी शिफारस केली होती. विधी आयोगाने जुलै २०१८ मध्ये आपल्या २७६व्या अहवालात जरा हात राखून तेच सांगितले: बंदी असलेली बरी, पण ती राबवता येत नसेल तर आधार आणि पॅनला जोडून, मर्यादा घालून नियमन करा. दोन्ही अहवाल अभ्यासू माणसांनी लिहिले होते. मात्र तेव्हा त्यांच्यापुढे होता तो अंदाज. मोबाइलवरचा सट्टा अमेरिकेएवढ्या मोठ्या देशात सर्रास खुला केला तर काय होते, हे तोवर कोणी पाहिलेले नव्हते. विधी आयोगाचा अहवाल येण्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेत तो प्रयोग सुरू झाला. आता त्याचे निकाल समोर आहेत, आणि तरीही वादात उतरणारे जुनाच अंदाज नव्या पुराव्यासारखा मांडत आहेत.

आधी अमेरिकेत नेमके काय घडले ते पाहू. १९९२च्या केंद्रीय कायद्याने नेवाडासारखे मोजके अपवाद सोडून राज्यांना खेळांवरच्या सट्ट्याला मान्यता देण्यास मनाई केली होती. अटलांटिक सिटीतले कॅसिनो ओस पडू लागल्यावर न्यू जर्सीने या कायद्याला आव्हान दिले. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा रद्द केला. सट्टा चांगला की वाईट, यावर न्यायालयाने मत दिले नाही. राज्यांनी अमुक कायदा करू नये असे फर्मान काढण्याचा अमेरिकी काँग्रेसला अधिकार नाही, एवढाच मुद्दा होता. पण पुढची धावपळ अशी झाली की जणू देशाने सट्ट्याला कौल दिला. महिनाभरातच डेलावेअर आणि न्यू जर्सीत खिडक्या उघडल्या. २०२४ पर्यंत ३८ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन अशी मजल गेली. ‘फँड्युएल’ आणि ‘ड्राफ्टकिंग्ज’ या दोन कंपन्या जय्यत तयारीत होत्याच. २००६च्या एका कायद्यात फँटसी खेळांना सवलत मिळाली होती. तिच्या आधारे ‘हा तर कौशल्याचा खेळ’ म्हणत त्यांनी लाखो ग्राहक आणि त्यांचे बँक तपशील गोळा करून ठेवले होते. मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेली ‘ड्रीम११’ही कौशल्याच्या याच युक्तिवादावर न्यायालयांत टिकली आणि मोठी झाली.

आता दाव्यांकडे वळू.

पहिला दावा असा की सट्टा होतच होता, कायद्याने तो फक्त उजेडात आणला. २०१७ मध्ये कायदेशीर सट्ट्याची मुख्य बाजारपेठ असलेल्या नेवाडात वर्षभरात पाच अब्ज डॉलरच्या आतबाहेर पैजा लागल्या. २०२४ मध्ये देशभरात कायदेशीर पैजांची रक्कम सुमारे १५० अब्ज डॉलरवर गेली आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाइल आणि इंटरनेटवरून आली. यातला काही भाग पूर्वी बुकींकडे जात असेल, हे मान्य. पण सगळाच तसा असता तर बुकींचे दिवाळे वाजायला हवे होते. प्रत्यक्षात जुगार उद्योगाच्या अमेरिकी संघटनेनेच २०२२ मध्ये बेकायदा सट्ट्याचा अंदाज वर्षाला सुमारे ६४ अब्ज डॉलर असा दिला. उद्योगाचा हा आकडा बेकायदा स्पर्धकांविरुद्ध कारवाईची मागणी करण्यासाठी होता, पण तोच आकडा ‘कायदेशीर केले की काळा बाजार आटतो’ या दाव्याच्या विरोधात साक्ष देतो.

अधिक नेमकी साक्ष नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे स्कॉट बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या बँक व्यवहारांतून काढली. ऑनलाइन सट्ट्याला मान्यता मिळाल्यावर लोकांनी इतर जुगार कमी केला नाही आणि बाकीची चैनही आवरली नाही. आटली ती बचत. गुंतवणुकीच्या खात्यांत जाणारा पैसा पैजांकडे वळला. ज्या घरांत आधीच ओढाताण होती तिथे क्रेडिट कार्डाची थकबाकी चढली आणि खात्यात पैसे नसताना उचल करण्याचे प्रसंग वाढले. जुना सट्टा नव्या खिडकीवर आला असता तर हे व्हायला नको होते.

असे का होते, हे मुंबईच्या बुकीची पद्धत ठाऊक असलेल्यांना सांगावे लागणार नाही. बुकीकडे पैज लावायची तर ओळख लागते, कोणी तरी जामीन राहावे लागते, भाव फोनवर विचारावा लागतो, आणि हरलेले पैसे न्यायला माणूस येतो तेव्हा घरच्यांना कळण्याची धास्ती असते. या अडचणी कोणी लोककल्याणासाठी योजलेल्या नव्हत्या, पण त्यांचा परिणाम लगामासारखा होता. मोबाइलने त्या सगळ्या एका फटक्यात काढून टाकल्या. कोलोराडोत १ मे २०२० रोजी सट्टा सुरू झाला तेव्हा करोनामुळे जगभरचे मोठे खेळ बंद होते. तरीही तिथल्या लोकांनी त्या महिन्यात लाखो डॉलर लावले, आणि त्यातले बरेचसे लावले टेबल टेनिसवर. रशिया आणि युक्रेनमधल्या, कधी नावही न ऐकलेल्या खेळाडूंच्या सामन्यांवर! सट्टा हा खेळप्रेमाचा विस्तार आहे, असे जाहिरातींत सांगतात. कोलोराडोच्या त्या महिन्यात खेळप्रेमाचा काहीच संबंध नव्हता.

दुसरा दावा करमणुकीचा. सिनेमाला पैसे जातात तसे इथे जातात. हरणाऱ्याला मजा तर मिळते ना? ही मजा कितीला पडते ते जरा जवळून पाहू. अमेरिकेतल्या साध्या पैजेत ११० डॉलर लावले तर जिंकल्यावर १०० डॉलरचा फायदा होतो. दोन्ही बाजू तुल्यबळ धरल्या तर १०० डॉलरच्या उलाढालीत कंपनीकडे साडेचार डॉलर उरतात. एवढ्यावर कोणी अब्जाधीश होत नाही. म्हणून ॲप उघडताच समोर येते ती साखळी पैज: एकाच सामन्यातल्या चार गोष्टी जोडा, चारही खऱ्या ठरल्या तर घबाड. चार तुल्यबळ पैजांची साखळी सोळांत एकदा लागते. म्हणजे दहा डॉलरवर १६० डॉलर मिळाले तर व्यवहार चोख. मिळतात १३३च्या आसपास. कंपनीचा वाटा साडेचारवरून सतरा टक्क्यांवर गेला, आणि ग्राहकाला मात्र दहाचे १३३ झालेले दिसतात. सगळी दुकानदारी या एका हिशेबावर उभी आहे. २०२४ मध्ये दीडशे अब्जांच्या पैजांतून कंपन्यांनी पावणेचौदा अब्ज डॉलरच्या घरात कमाई केली. सरासरी नऊ टक्के, साध्या पैजेच्या दुप्पट. ग्राहक महागड्या पैजांकडे वळतात ते आपोआप नाही. पडद्यावर त्याच मोठ्या आणि झगझगीत दिसतील अशी मांडणी असते.

आणि जो खरोखर कौशल्याने जिंकतो त्याचे काय? त्याची मर्यादा कमी केली जाते. हजार डॉलर लावू पाहणाऱ्याला ॲप एक दिवस सांगते, तुम्हाला फक्त दहाच डॉलर लावता येतील. ही तक्रार इतकी वाढली की मॅसॅच्युसेट्सच्या नियामक आयोगाने मे २०२४ मध्ये त्यावर खुली बैठक बोलावली. बहुतेक कंपन्या फिरकल्याच नाहीत. जिंकणाऱ्याला दारात अडवायचे आणि हरणाऱ्याला भेटी पाठवायच्या, असा हा कौशल्याचा खेळ आहे. ‘जोखीममुक्त पैज’ अशी जाहिरात करू नये, हे पथ्य उद्योगाने स्वतःला घालून घेतले ते २०२३ मध्ये, पाच वर्षे ती जाहिरात करून झाल्यावर.

ब्रिटनमध्ये हा धंदा अमेरिकेच्या कितीतरी आधीपासून कायदेशीर आहे. तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने जुलै २०२० मध्ये नोंदवले की जुगार उद्योगाच्या नफ्यातला ६० टक्के वाटा पाच टक्के लोकांकडून येतो, आणि हे पाच टक्के म्हणजे आधीच व्यसनात सापडलेले किंवा त्या काठावर असलेले. ‘बहुसंख्य लोक जबाबदारीने खेळतात’ हे वाक्य त्यामुळे खरेही आहे आणि निरर्थकही. बहुसंख्य लोक खेळतात जबाबदारीने. धंदा चालतो उरलेल्यांवर.

तिसरा दावा नजर ठेवण्याचा. बुकीला ग्राहकाचे नावही नोंदवायचे नसते, परवानाधारक कंपनीकडे मात्र ओळखपत्र, खाते, प्रत्येक पैजेची वेळ असे सगळे असते, म्हणून ती वेळीच आवर घालू शकते, असे सांगितले जाते. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या फुटबॉल संघाच्या वित्त विभागातल्या एका कर्मचाऱ्याची गोष्ट या दाव्याशेजारी ठेवून पाहावी. हा माणूस संघाच्या व्हर्च्युअल क्रेडिट कार्डांचा कारभार पाहत असे. २०१९ ते २०२३ या काळात त्याने बनावट नोंदी करून संघाचे दोन कोटी वीस लाख डॉलर लांबवले आणि त्यातले बहुतेक फँटसी स्पर्धांत आणि पैजांत घालवले. सुमारे दोन कोटी एकट्या ‘फँड्युएल’वर गेले. मार्च २०२४ मध्ये त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने आपल्याला बड्या ग्राहकांसाठीचा खास माणूस नेमून दिला होता, तो सतत संपर्कात राहून सवलती आणि भेटी देत होता, असे त्याने नंतर कंपनीवर भरलेल्या दाव्यात म्हटले. ते तूर्त बाजूला ठेवू. पण वादापलीकडची गोष्ट एवढी की मधल्या फळीतला एक पगारदार दोन कोटी डॉलर हरला, आणि ते परवानाधारक कंपनीच्या, नावानिशी उघडलेल्या खात्यावर हरला. नजर होतीच. ती कशासाठी होती, हा प्रश्न आहे.

चौथा दावा तिजोरीचा. हा सरकारांना सर्वांत गोड लागतो. न्यूयॉर्क राज्य कंपन्यांच्या उत्पन्नावर ५१ टक्के कर घेते. २०२४ मध्ये त्यातून एक अब्ज डॉलरहून अधिक जमा झाले. आकडा डोळे दिपवणारा, पण त्या राज्याचा अर्थसंकल्प २३० अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. दुसऱ्या पारड्यात काय पडते? यूसीएलए आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी ग्राहकांच्या पतनोंदी तपासल्या. ज्या राज्यांत ऑनलाइन सट्टा खुला झाला तिथे काही वर्षांत दिवाळे काढण्याचे प्रमाण साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढले आणि वसुलीवाल्यांकडे गेलेली कर्जे आठ टक्क्यांनी. परिणाम लगेच दिसत नाही, दोनेक वर्षांनी दिसतो. तोवर कराचे हप्ते येऊन गेलेले असतात आणि त्यांवर खर्चही बेतलेले असतात. अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या एका नियतकालिकात २०२५ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१८च्या निकालानंतर जुगाराच्या व्यसनासाठी मदत शोधणारे इंटरनेटवरचे शोध देशभरात २३ टक्क्यांनी वाढले. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांवर केंद्राचा मोठा निधी आहे. जुगाराच्या व्यसनासाठी असा स्वतंत्र केंद्रीय निधी अमेरिकेत नाही.

खरी मेख मात्र पुढे आहे. सरकार एकदा वाटेकरी झाले की त्याला पाय काढता येत नाही. इलिनॉयने २०२४ मध्ये कर वाढवला आणि जुलै २०२५ पासून प्रत्येक पैजेमागे २५ ते ५० सेंट असा आणखी एक आकार बसवला. पैजा कमी व्हाव्यात हा त्याचा हेतू नव्हता, अंदाजपत्रकातली तूट भरायची होती. मराठी वाचकाला यासाठी इलिनॉयला जाण्याचीही गरज नाही. मांडवी नदीतले तरंगते कॅसिनो दुसरीकडे हलवण्याचे आश्वासन गोव्यातल्या एकामागून एक सरकारांनी दिले आणि एकामागून एक मुदतवाढही दिली. २०२०च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांनाच कॅसिनोत खेळायला बंदी झाली. म्हणजे आपल्या माणसांसाठी ही गोष्ट बरी नव्हे, हे सरकारने मान्य केले, आणि जहाजे मात्र जागची हलली नाहीत. कॅसिनोच्या दारात ओळखपत्र पाहून माणसाला परत पाठवता येते. मोबाइलला असे दार नसते. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा १९७६ मध्ये केला, कधी लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला, ही त्यातल्या त्यात शहाणपणाची नोंद.

भारताने कराचा मार्ग चोखाळलाच नाही, असेही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन पैशांच्या खेळांत लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. कंपन्या रडल्या, पण खेळ थांबले नाहीत, जाहिराती थांबल्या नाहीत. दोन वर्षांच्या आत त्याच सरकारने संसदेत सांगितले की देशात ४५ कोटी लोक या खेळांत वर्षाला सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावतात. ‘कर लावा, नियंत्रण आपोआप येईल’ हा प्रयोग करून झालेला आहे.

पाचवा दावा खेळाच्या शुद्धतेचा. कायदेशीर बाजारात संशयास्पद पैज लगेच दिसते, म्हणून लबाडी पकडली जाते. यात तथ्य आहे, आणि जॉन्टे पोर्टरचे प्रकरण त्याचा नमुना म्हणून दाखवले जाते. टोरंटो रॅप्टर्सचा हा बास्केटबॉलपटू २० मार्च २०२४ रोजी तीन मिनिटेही न खेळता, बरे वाटत नाही म्हणून बाहेर गेला. त्याच सामन्यात पोर्टर ठरावीक आकड्यांपेक्षा कमी कामगिरी करील अशा साखळी पैजेवर कोणी तरी ८० हजार डॉलर लावले होते, ११ लाख डॉलर जिंकण्यासाठी. कंपनीला वास आला, तिने पैसे गोठवले, आणि एप्रिलमध्ये पोर्टरवर आजन्म बंदी आली. चोर सापडला. पण राखीव बाकावरच्या एका खेळाडूच्या किरकोळ कामगिरीवर लाखो डॉलर लावण्याची सोय कोणी केली होती? परवानाधारक कंपन्यांनीच. सामना हरवायला अख्खा संघ फितवावा लागतो. अशा पैजेसाठी एक माणूस पुरतो, आणि त्याला हरावेही लागत नाही, फक्त लवकर बाहेर यावे लागते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँड गार्डियन्स या बेसबॉल संघाच्या दोन पिचरवर (चेंडू फेकणाऱ्यांवर), इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ यांच्यावर, ठरवून चेंडू टाकल्याचे आरोपपत्र दाखल झाले. दोघांनीही आरोप नाकारले. तपास यंत्रणांचे म्हणणे असे की कोणता चेंडू कसा पडणार हे आधी कळवले जात होते आणि त्या एकेका चेंडूवर पैजा लागत होत्या. मुंबईतले बुकी ‘सेशन’च्या, म्हणजे ठरावीक षटकांतल्या, धावांवर भाव देतात, त्यावर आपल्याकडे इतकी वर्षे पोलीस छापे घालत आले. अमेरिकेत त्याहून बारीक, एका चेंडूचा सट्टा हा परवानाधारक माल होता. आरोपपत्र येताच दुसऱ्या दिवशी बेसबॉल लीगने अशा पैजांवर २०० डॉलरची मर्यादा घालून घेतली. पूर्णपणे बंद मात्र केल्या नाहीत.

या सगळ्यात एका माणसाचा प्रवास बोलका आहे. चार्ली बेकर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी आपल्या राज्यात सट्टा कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली. मार्च २०२३ मध्ये ते महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएचे अध्यक्ष झाले. वर्षभराने तेच बेकर राज्याराज्यांना विनवू लागले की महाविद्यालयीन खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरच्या पैजा बंद करा; पैज हरलेले लोक विशी-बाविशीतल्या पोरांना समाजमाध्यमांवर धमक्या देत आहेत. गव्हर्नरच्या खुर्चीतून जे दिसले नाही ते खेळाडूंच्या बाजूला बसल्यावर दिसले.

सहावा दावा स्वातंत्र्याचा, आणि तत्त्व म्हणून तोच सर्वांत वजनदार. सज्ञान माणूस आपला पैसा कसा उडवतो यात सरकारने नाक का खुपसावे? चार मित्रांनी सामन्यावर जेवणाची पैज लावली तर खरोखरच कोणाचे काही बिघडत नाही, आणि २०२५चा भारतीय कायदाही खेळणाऱ्याला शिक्षा करत नाही. शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला. प्रश्न आहे तो एका बाजूला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याची प्रत्येक हालचाल नोंदवून, तो कधी ढिला पडतो हे ओळखून त्याच क्षणी सूचना पाठवणारी यंत्रणा, अशा सामन्याचा. याला दोन सज्ञानांमधला करार म्हणणे म्हणजे शब्दाचा कस घालवणे आहे.

ब्राझीलचे उदाहरण इथे अमेरिकेपेक्षाही जवळचे आहे. तिथे आपल्या यूपीआयसारखी ‘पिक्स’ ही झटपट पैसे पाठवण्याची सार्वजनिक सोय आहे. पैजांना तिथे २०१८ मध्येच मान्यता मिळाली. नियम यायला पाच वर्षे गेली, तोवर फुटबॉल क्लबांच्या जर्सी सट्टा कंपन्यांच्या नावांनी भरून गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने अंदाज प्रसिद्ध केला: ‘बोल्सा फामिलिया’ या गरिबांसाठीच्या अनुदानाचे सुमारे पन्नास लाख लाभार्थी एकट्या ऑगस्टमध्ये पिक्सवरून सट्टा कंपन्यांना तीन अब्ज रेआल देऊन बसले होते. मुलांच्या जेवणासाठी आणि शाळेसाठी सरकारने दिलेले पैसे ज्या वाटेने घरात आले त्याच वाटेने बाहेर गेले. अनुदानाचा पैसा पैजांत जाऊ नये यासाठी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. लाडक्या बहिणींच्या खात्यात दरमहा रक्कम जमा होणाऱ्या राज्यात हे उदाहरण परदेशातले म्हणून बाजूला सारता येणार नाही.

ब्रिटनकडे बोट दाखवणाऱ्यांनी तिथली अलीकडची पावलेही पाहावीत. २००५च्या उदार कायद्याने टीव्हीवरच्या जाहिरातींना मोकळे रान मिळाले. त्यानंतरचा इतिहास आवरते घेण्याचा आहे. सट्टा दुकानांतल्या यंत्रांवर एका डावाला १०० पौंड लावता येत. २०१९ मध्ये ती मर्यादा दोन पौंडांवर आणली. २०२० मध्ये क्रेडिट कार्डाने जुगार खेळण्यावर बंदी आली. प्रीमियर लीगच्या क्लबांनी जर्सीच्या पुढच्या भागावरून सट्टा कंपन्यांची नावे काढण्याचे मान्य केले. एप्रिल २०२५ पासून व्यसनमुक्ती आणि संशोधनासाठी उद्योगावर सक्तीची पट्टी बसली. एवढे करायला वीस वर्षे लागली, आणि प्रत्येक पावलाला उद्योगाचा विरोध झाला.

बंदीच्या बाजूच्यांनाही मोकळे सोडता येत नाही. भारतातला कायदा आला म्हणून सट्टा संपला, असे कोणी समजू नये. परदेशात बसून चालवली जाणारी ॲप एक पत्ता बंद झाला की दुसऱ्या पत्त्यावर उघडतात, टेलिग्रामवर त्यांचे दलाल फिरतात, भाड्याच्या बँक खात्यांतून पैसा वळतो. अशाच चोरट्या सट्ट्याचे ‘महादेव’ ॲपचे प्रकरण तर हा कायदा येण्याच्या आधीचे आहे. शिवाय सट्टा आणि जुगार हा घटनेने राज्यांच्या सूचीत टाकलेला विषय, त्यावर केंद्राने असा कायदा करावा का, ही शंका रास्त आहे. त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे घेतल्या. हे सगळे आक्षेप घ्यावेत. पण त्यांतून ‘म्हणून कायदेशीर करा’ हा निष्कर्ष निघत नाही. चोरटे ॲप धोनीच्या षटकाराबरोबर टीव्हीवर झळकत नाही, राष्ट्रीय संघाच्या जर्सीवर बसत नाही, सोळा वर्षांच्या मुलाला ते नित्याचे आणि प्रतिष्ठेचे वाटत नाही. बेकायदा धंदा पूर्ण थांबवता येत नसेल, पण त्याला मोठे होण्यासाठी जे लागते ते नाकारता येते, आणि अमेरिकेने २०१८ नंतर नेमके तेच देऊ केले.

तिकडच्या लोकांनाही हे कळू लागले आहे. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२२ मध्ये मोबाइल सट्ट्याचा प्रस्ताव थेट मतदारांपुढे आला, कंपन्यांनी कोट्यवधी डॉलर ओतले, आणि दहातल्या आठांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला. मिझुरीत २०२४ मध्ये तो मंजूर झाला, पण सुमारे तीस लाख मतांत तीन हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने. प्यू या संस्थेच्या पाहणीत कायदेशीर सट्टा समाजासाठी वाईट असे म्हणणारे २०२२ मध्ये ३४ टक्के होते, २०२५ मध्ये ४३ टक्के झाले.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी समिती, कोणी उद्योगसंघटना किंवा कोणी मंत्री ‘नियंत्रित सट्ट्या’चा आराखडा घेऊन आला, तर वाचकांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी त्याच्याकडे तीन आकडे मागावेत. कंपनीच्या उत्पन्नातला किती वाटा सर्वाधिक हरणाऱ्या पाच टक्क्यांकडून येईल? जिंकणाऱ्या किती ग्राहकांची मर्यादा कमी केली जाईल? आणि करातून येणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती रुपये जिल्हा रुग्णालयांतल्या व्यसनमुक्ती विभागाला मिळतील? पहिले दोन आकडे कंपन्यांच्या संगणकांत पडून आहेत, तिसरा सरकारला एका ओळीत लिहून देता येतो. ते दिल्याशिवाय परवान्याची भाषा करणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.